दात उपटण्याची घाई नको सांगणारे कोर्डोबाचे जर्राह : अबुल कासिम अल-झहरावी

दाढदुखीने रात्रभर तळमळलेल्या माणसाला सकाळी एकच गोष्ट हवी असते. काहीही करा, पण ही दाढ बाहेर काढा. दंतवैद्य मात्र आधी खुर्चीत बसवतो, आरशाने सगळं तोंड पाहतो, दातांवर टकटक करतो, एक्स-रे काढायला सांगतो. पेशंटला वाटतं, हा उगाच वेळ काढतोय. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका जर्राहांनी, म्हणजे शल्यवैद्यांनी, नेमका हाच प्रसंग आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. दुखणारा माणूस घाई करणारच, पण उपचार करणाऱ्याने घाई करू नये, असं त्यांनी शिष्यांना बजावलं. त्यांचं नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी. युरोप त्यांना अल्बुकासिस म्हणून ओळखतो.

मुस्लिम शास्त्रज्ञांचा विषय निघाला की इब्ने सीना आणि अल-ख्वारिझ्मी ही नावं पटकन येतात. झहरावींचं नाव त्यानंतर येतं, आणि आलं तरी शस्त्रक्रियेचे जनक एवढं म्हणून आपण पुढे जातो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशांत तर जगातली प्रत्येक शस्त्रक्रिया आणि प्रत्येक हत्यार त्यांच्याच नावावर टाकलेलं असतं. आम्हाला हे पटत नाही. झहरावींच्या आधी ग्रीक वैद्य होते आणि त्यांच्या ग्रंथांचा, विशेषतः सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना याच्या लिखाणाचा, त्यांना मोठा आधार होता. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत दात स्वच्छ करण्याच्या हत्याराचं नावही सापडतं आणि हा ग्रंथ अब्बासी काळात बगदादमध्ये अरबीत गेला होता. झहरावींचं मोठेपण पहिलेपणात शोधायची गरजच नाही. ते त्यांच्या हातात, डोळ्यांत आणि प्रामाणिकपणात आहे. आणि ते सगळ्यात चांगलं कुठे दिसतं, तर दात काढण्यासारख्या वरकरणी किरकोळ कामात.

झहरावी हे नाव त्यांना गावावरून मिळालं. कोर्डोबाच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी 936 च्या सुमारास मदीनत अझ-झहरा नावाचं नवं राजनगर उभारायला घेतलं. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी बसवलेलं, संगमरवरी खांबांचं, बागा आणि हौदांचं हे शहर. झहरावींचा जन्मही त्याच सुमाराचा मानला जातो. त्यांच्या नावापुढे अन्सारी अशी निस्बत लागते, म्हणजे घराण्याचं नातं मदिन्याच्या अन्सारांशी सांगितलं जायचं.

तो कोर्डोबाच्या वैभवाचा काळ होता. अब्दुर्रहमान यांच्या दरबारात हसदाई इब्न शप्रूत नावाचे ज्यू वैद्य होते आणि औषधी वनस्पतींवरचा डायोस्कोरिडीसचा ग्रीक ग्रंथ समजून घ्यायला कॉन्स्टँटिनोपलहून निकोलस नावाचा ख्रिस्ती भिक्षू बोलावला गेला होता. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती विद्वान एका ग्रंथावर डोकं लावून बसत. पुढे अल-हकम दुसरे यांच्या काळात (961 ते 976) ग्रंथालयाची ख्याती दूरवर गेली. या वातावरणात झहरावी वाढले. खुद्द त्यांच्या आयुष्याबद्दल मात्र जुन्या चरित्रकारांनी मोजक्याच ओळी लिहिल्या आहेत. अकराव्या शतकातल्या अल-हुमैदी यांनी त्यांची नोंद धर्मशील, ज्ञानी आणि वैद्यकात पुढे असलेला माणूस अशी केली. कोर्डोबाचेच थोर विद्वान इब्ने हझ्म यांनीही त्यांच्या ग्रंथाची तारीफ केली आहे. बाकी माणूस शोधायचा तर तो त्यांच्या पुस्तकातच.

त्या पुस्तकाचं नाव किताब अत-तस्रीफ. पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्याचा आशय असा की, ज्याला स्वतः सगळं जमवून लिहिता येत नाही त्याच्या हाताशी असावा असा हा ग्रंथ. एकूण 30 भाग. बरेचसे औषधांवरचे आहेत : गोळ्या, चाटणं, सरबतं, मलमं, तेलं. शेवटचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्यातही तीन खंड आहेत : पहिला डाग देण्याचा, दुसरा कापण्या-शिवण्याचा, तिसरा हाडं बसवण्याचा. सन 1000 च्या सुमारास, जवळपास पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, हे काम पूर्ण झालं असं मानतात. या भागात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. हत्यार कसं दिसतं, टोक कसं, जाडी किती, हे पाहून लोहाराकडून बनवून घेता यावं यासाठी ती काढलेली. आजच्या वाचकाला त्यात विशेष वाटणार नाही, पण शिकणारा मुलगा उस्तादापासून शेकडो मैल दूर असेल तर चित्राशिवाय तो काय करणार?

तिसाव्या भागाच्या सुरुवातीलाच ते खंत मांडतात की आपल्या मुलखात आणि आपल्या काळात शस्त्रक्रिया जाणणारा चांगला माणूस उरलेला नाही. कारणही देतात. शरीराची रचना शिकल्याशिवाय लोक सुरी हातात घेतात. मग ते स्वतः पाहिलेले प्रसंग सांगतात. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, रक्तवाहिन्या तुटल्या आणि ती बाई त्याच्यासमोरच रक्त जाऊन मेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या माणसाचा मोठा मुतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून आणला. तो माणूस तीन दिवसांत गेला. हे प्रसंग ते दुसऱ्यांना हिणवण्यासाठी सांगत नाहीत. शिष्यांना ते मुलांसारखं संबोधतात आणि समजावतात की काही कामांत आराम आहे, काही कामांत मौत आहे, आणि दोन्हींतला फरक आधी ओळखायचा.

आता दातांकडे येऊ.

दात काढण्याच्या प्रकरणाची सुरुवात ते हत्याराने करत नाहीत. आधी सांगतात की दुखणाऱ्या दातावर शक्य तो प्रत्येक इलाज करून पाहा आणि काढायचं टाळत राहा. दात ही मौल्यवान चीज आहे, एकदा गेली की तिची जागा भरणारं काही नाही. इलाज चालेनात तरच काढायचा. आणि तेव्हाही पहिलं काम म्हणजे नेमका कोणता दात दुखतोय याची पक्की खात्री करणं. कारण दुखणं माणसाला फसवतं. तो कळवळून चांगल्याच दातावर बोट ठेवतो, तो काढला जातो आणि दुखणं तसंच राहतं. मग खरा बिघडलेला दात काढावा लागतो. झहरावी लिहितात की हज्जामांच्या हातून असं घडलेलं त्यांनी वारंवार पाहिलं.

इथे हज्जाम या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. अरबीत हज्जाम म्हणजे हिजामा करणारा, शिंगं किंवा तुंबड्या लावून रक्त काढणारा. तीच मंडळी फसद उघडायची, सुंता करायची, दात उपटायची. आपल्याकडे हाच शब्द हजाम होऊन केस कापणाऱ्यांना चिकटला. झहरावींचा राग त्या पेशावर नव्हता. न शिकता, न बघता, जोर लावून काम उरकणाऱ्यांवर होता.

दुखणं फसवतं हे त्यांचं निरीक्षण किती अचूक होतं, ते आजचं शास्त्र सांगतं. दाताच्या आतला मऊ गाभा, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो, त्याला वेदना कळते पण जागा नीट कळत नाही. वरच्या आणि खालच्या जबड्याची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांतून मेंदूकडे जाते. त्यामुळे खालची दाढ किडलेली असते आणि माणूस वरची दाखवतो, कधी कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जातो. सूज मुळाच्या टोकापर्यंत पोचून दाताभोवतीच्या पडद्यात उतरली की मगच चावताना नेमका तोच दात ठणकतो. दंतवैद्य एकेका दातावर टकटक करतो, थंड लावून बघतो, एक्स-रे काढतो, ते यासाठी. झहरावींकडे यातलं काहीच नव्हतं. बोटं, डोळे आणि सबुरी एवढ्यावरच त्यांचं काम चालायचं.

खात्री झाल्यावरची त्यांची रीत अशी. आधी दाताभोवतीची हिरडी सुरीने चारी बाजूंनी सोडवून घ्यायची. मग बोटांनी किंवा हलक्या, लहान पकडीने दात थोडा थोडा हलवत राहायचं, पुरता ढिला होईपर्यंत. त्यानंतर पेशंटचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये घट्ट धरून, हलू न देता, मोठ्या पकडीने दात सरळ रेषेत ओढायचा म्हणजे तो मोडणार नाही. तरीही निघाला नाही तर तरफेसारखं हत्यार मुळाशी हळूच सरकवून चहूबाजूंनी उचकटायचा. दात पोकळ असेल, किडून आत खड्डा पडला असेल, तर त्या पोकळीत आधी कापडाच्या चिंध्या सळईने ठासून भरायच्या, नाहीतर पकडीच्या दाबाने दात चुरा होऊन हातात येतो.

पकड कशी असावी, हेही त्यांनी सांगितलं आहे. वाकणार नाही इतकी जाड, टोकांना दाते असलेली, म्हणजे दात निसटणार नाही. धातूचं नाव घेताना ते हिंदुस्थानी लोखंडाचाही उल्लेख करतात. आपल्या दख्खन आणि दक्षिणेतलं पोलाद तेव्हा अरबी जगात तलवारींसाठी नावाजलेलं होतं. कोर्डोबाच्या कुणा पेशंटची दाढ या मातीतल्या लोखंडाने निघाली असेल, ही कल्पना आम्हाला गंमतीची वाटली.

भूल नव्हती. इथरचा वापर करून बोस्टनमधल्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने वेदनेशिवाय दात काढला तो 1846 साली, म्हणजे झहरावींनंतर आठशेहून जास्त वर्षांनी. हिरडीत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करणं त्याहूनही नंतरचं. म्हणून डोकं गुडघ्यात धरण्याचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आधी हिरडी सोडवायची, मग दात सैल करायचा, मग पकडायचा आणि जोर शेवटी, तोही मोजका. आजच्या दवाखान्यातला क्रमही बराचसा हाच असतो. दात निघतो तो ताकदीने नव्हे, आजूबाजूची पकड सुटल्यामुळे.

घाई करणाऱ्यांच्या हातून काय होतं, याची त्यांनी मोठी यादी दिली आहे. दात मोडतो, मुळं आतच राहतात, किंवा दाताबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडा निघून येतो. यासाठी त्यांनी वेगळं प्रकरणच लिहिलं. मोडलेलं मूळ राहिलं असेल तर लगेच खणायला बसू नका. जागेवर लोण्यात भिजवलेला कापूस एक-दोन दिवस ठेवा, ती मऊ पडू द्या. मग पक्ष्याच्या चोचीसारख्या टोकाचा चिमटा घालून मूळ पकडा. चोच आतून कानशीसारखी खरखरीत हवी. नाहीच निघालं तर वरची हिरडी बाजूला करून लहानशा पहारीसारख्या हत्याराने ते उचला. ज्या माणसाच्या तोंडात आधीच कुणीतरी घोटाळा करून ठेवलाय, अशासाठी इतका विचार करणारा वैद्य विरळाच.

दात निघाल्यानंतर काय? इथे आजच्या वाचकाने नीट लक्ष द्यावं. झहरावी सांगतात, तोंड सिरका आणि मिठाने धुवावं. रक्त थांबत नसेल, आणि पुष्कळदा ते थांबत नाही, तर मोरचुदाच्या जातीचं खनिज कुटून खड्ड्यात भरावं, त्यानेही नाही थांबलं तर डाग द्यावा. त्या काळी जंतू माहीत नव्हते, तरी आंबट आणि खारट पाण्याने जखम कुजत नाही हे अनुभवाने कळलेलं होतं. पण हे वाचून कुणी घरी मोरचूद शोधू नये. ते पोटात गेलं तर विषारी आहे.

आजचे दंतवैद्य एका बाबतीत या सल्ल्याच्या उलट सांगतात. दात काढल्यावर पहिले चोवीस तास चूळच भरायची नाही. कारण खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती गुठळी हेच नैसर्गिक औषध असतं. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं, तिच्यातूनच नवी पेशीजाल तयार होते. म्हणून डॉक्टर कापसाचा किंवा गॉजचा बोळा देतात आणि अर्धा-पाऊण तास दातांनी घट्ट दाबून ठेवायला सांगतात. तो दर दोन मिनिटांनी काढून रक्त थांबलं का ते बघायचं नसतं. थुंकत बसायचं नाही, लाळ गिळायची. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण ओढण्याच्या जोराने गुठळी उपटून येते. लाळेत गुलाबी रंग दिसला म्हणून घाबरू नये, थेंबभर रक्तानेही लाळ रंगते. रक्ताची धारच लागली तर नवा बोळा दाबून डॉक्टरांना फोन करावा.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक, कापडात गुंडाळून. खाणं थंड किंवा कोमट आणि मऊ : दहीभात, खिचडी, फिरनी. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून हळुवार गुळण्या, जेवणानंतर प्रत्येक वेळी. म्हणजे झहरावींचं मीठ परत आलं, फक्त एक दिवस उशिरा. बाकीच्या दातांना ब्रश करायचाच, त्या जागेला तेवढं जपून.

तंबाखूचं वेगळं सांगावं लागतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तोंडातून तो गेलेला नाही. मिश्री तर दातांचं औषध समजून लावली जाते, आणि आमच्या मोहल्ल्यांतल्या कित्येक वयस्कर बायकांची ती सकाळची सवय आहे. दात काढलेल्या जागेला विडी, सिगरेट, मिश्री, काहीही चालत नाही. रक्तपुरवठा कमी होतो, गुठळी टिकत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत ठणकायला लागतं. तोंडाला घाण वास येतो, खड्डा कोरडा दिसतो. इंग्रजीत याला ड्राय सॉकेट म्हणतात. असं झालं तर घरच्या घरी गोळ्या वाढवत न बसता परत जावं. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बराच आराम पडतो. त्यात बहुतेक वेळा लवंगेच्या तेलातला घटक असतो. पण म्हणून हिरडीवर थेट लवंग तेल ओतणं किंवा अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं बरोबर नाही. हिरडी भाजून निघते.

साखरेचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि सूज गालावरून गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर रात्र असो की दिवस, सरळ मोठं इस्पितळ गाठायचं. दातातल्या संसर्गाने माणूस दगावू शकतो.

रमजानमध्ये हा प्रश्न हमखास येतो. दात काढताना रक्त गिळलं जाऊ शकतं, नंतर गोळी लागते, पाणी लागतं. दुखणं थांबण्यासारखं असेल तर इफ्तारनंतरची वेळ घेतलेली बरी. थांबण्यासारखं नसेल तर दवाखाना आधी, आणि रोज्याचा मसला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

झहरावींच्या पुस्तकात दात वाचवण्याची प्रकरणंही आहेत, आणि आम्हाला वाटतं ती काढण्याच्या प्रकरणाहून महत्त्वाची आहेत. पहिलं कीटण खरवडण्याचं. दातांच्या आत-बाहेर आणि हिरडीच्या कडेला काळा, पिवळा, हिरवा थर साचतो आणि त्याने हिरडी बिघडते, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. थर खरवडायला वेगवेगळ्या आकाराची चौदा हत्यारं काढून दाखवली, कारण आतल्या बाजूला चालणारं हत्यार बाहेर चालत नाही आणि दोन दातांच्या फटीत चालणारं आणखी वेगळं. एका बैठकीत साफ झालं नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी बसा. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असा गैरसमज आजही घरोघरी आहे. हलतात ते कीटणामुळे आधीच हिरडी आणि हाड सुटलेलं असतं म्हणून. थर निघाल्यावर ते कळतं इतकंच.

दुसरं प्रकरण हलणाऱ्या दातांचं. मार लागून पुढचे दात सैल झाले आणि औषधाने घट्ट होईनात, तर बाजूच्या मजबूत दातांना ते तारेने विणून बांधायचे. तार सोन्याची घ्या, चांदीची नको, कारण चांदी काही दिवसांत काळवंडते आणि खराब होते, सोनं तसंच राहतं. तारेची टोकं दातांच्या फटीत वळवून टाका म्हणजे जीभ सोलणार नाही. पडलेला दातसुद्धा परत त्याच जागी बसवून असाच बांधता येतो, आणि तो नसेल तर बैलाच्या हाडातून दात कोरून बसवावा, असं ते लिहितात. हे काम मात्र कसबी माणसानेच करावं अशी अट आहे. क्रिकेट खेळताना किंवा दुचाकीवरून पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर आजही हेच केलं जातं. दात वरच्या बाजूने धरायचा, मूळ घासायचं नाही, दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यायचा. तो दात जागी बसवतो आणि शेजारच्या दातांना तारेने बांधतो. दात कागदात गुंडाळून खिशात टाकून दुसऱ्या दिवशी नेला तर उपयोग होत नाही.

आणि तिसरं, तुपाचं. दाढ थंडीने किंवा आतल्या दुखण्याने ठणकत असेल तर गायीचं तूप उकळून, सळईच्या टोकाला गुंडाळलेला कापूस त्यात बुडवून दुखऱ्या दातावर थंड होईपर्यंत धरायचा, पुन्हा पुन्हा. लोखंड तापवून डागायचं असेल तर तोंडात आधी नळी ठेवायची, म्हणजे ओठ-जीभ भाजणार नाही. आज हा इलाज कुणी करू नये. पण दात काढण्याआधी ते किती पायऱ्या चढायला लावत होते, हे त्यातून दिसतं. आज त्या पायरीवर रूट कॅनल आहे. बिघडलेला गाभा काढून, आत साफ करून, भरून, दात तोंडातच ठेवायचा. खर्च होतो हे खरं. काढणं स्वस्त वाटतं. पण दाढ गेल्यावर शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, चावणं एका बाजूला जातं, आणि मग कवळी किंवा इम्प्लांटचा खर्च येतो. सरकारी दंत महाविद्यालयांत हे काम बरंच कमी पैशांत होतं. लांब रांग असते, पण जाण्यासारखं आहे. फुटपाथवर पकड घेऊन बसणाऱ्यांकडे जाणाऱ्यांनी झहरावींची ती मोडलेल्या मुळांची यादी आठवावी. वर आज त्यात न उकळलेल्या हत्यारांतून लागणाऱ्या काविळीचीही भर पडली आहे.

त्यांच्या हातात किती धीर होता याचा आणखी एक प्रसंग त्यांनीच लिहिलाय. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला होता. त्यांना बोलावणं आलं. श्वासनलिका कापली गेली होती, हवा जखमेतून येत होती, पण मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या. त्यांनी लगेच जखम शिवली. मुलगी वाचली, आवाज तेवढा घोगरा राहिला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की श्वासनलिकेला छेद देणं लोक समजतात तितकं घातक नाही.

म्हातारपणी त्यांच्या वाट्याला काय आलं, हा विचार करताना मन जड होतं. 1009 मध्ये कोर्डोबात यादवी पेटली. ज्या शहरावरून त्यांना नाव मिळालं ते मदीनत अझ-झहरा 1010 च्या सुमारास लुटलं आणि जाळलं गेलं. झहरावींचा इंतकाल 1013 च्या आसपास झाला असं मानतात. 1031 मध्ये कोर्डोबाची खिलाफतही संपली. पुढे शेकडो वर्षं लोकांनी त्या शहराचे दगड काढून आपापली घरं बांधली. 1911 मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं आणि 2018 मध्ये युनेस्कोने ते अवशेष जागतिक वारशात घेतले.

पुस्तक मात्र निसटलं. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने तिसाव्या भागाचं लॅटिन भाषांतर केलं. चौदाव्या शतकातला फ्रान्सचा मोठा शल्यवैद्य गी द शोलियाक आपल्या ग्रंथात त्यांचं नाव वारंवार घेतो. 1465 मध्ये अनातोलियातल्या अमासिया शहरात शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी त्यावर आधारित तुर्की ग्रंथ लिहिला. झहरावींनी फक्त हत्यारांची चित्रं दिली होती, यांनी वैद्य आणि पेशंट समोरासमोर बसलेले रंगीत दाखवले. 1497 ला व्हेनिसमध्ये लॅटिन भाषांतर छापलं गेलं, 1778 मध्ये ऑक्सफर्डला अरबी मूळ लॅटिनसह निघालं. हिंदुस्थानातही हा शस्त्रक्रियेचा भाग 1908 मध्ये लखनऊला छापला गेला, तो आपल्या यूनानी हकिमांच्या वर्तुळासाठी. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात अत-तस्रीफचं जुनं सचित्र हस्तलिखित जपून ठेवलं आहे. पाटण्याला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी, विशेषतः दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी, गंगेकाठच्या त्या ग्रंथालयात जाऊन त्याची चौकशी जरूर करावी.